बाकी पाच

आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या मिळायचा आणि लगेच आमच्या ह्यांचा प्रश्न, "तुमचा मोबाइल नंबर सांगा बघू." माणूस बिचारा सांगायचा. त्याला वाटायचं, मास्तर लिहून घेतील, कधी अडीअडचणीला फोन करतील. हे डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि चहाला उकळी यायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "तेराने भाग जातो तुमच्या नंबराला. निःशेष. नशीबवान आहात." समोरचा खूश. मी आतून ओरडायची, "साखर किती घालू ते पण विचारा, नाहीतर तेरा चमचे घालेन!"

ह्यांचं नाव केशव वेखंडे. शेणव्याला आमचं घर. पुढच्या गावच्या हायस्कुलात ह्यांनी जन्मभर गणित शिकवलं, म्हणून आख्ख्या शहापूर तालुक्याला हे 'सर'. मीही चारचौघांत सरच म्हणते. मोठी संख्या दिसली की हा माणूस पाघळायचा. विजेच्या खांबावरचा आकडा, गॅसच्या पुस्तकावरचा आकडा, काही चालायचं. एप्रिलमध्ये वाडीवर टँकर येतो. भातसा धरणाचं पाणी आमच्या उशाला आहे आणि पितात मुंबईचे लोक, आम्हाला टँकर. तर मी हंडा घेऊन बायकांच्या रेटारेटीत उभी, आणि हे टँकरच्या मागे जाऊन नंबरप्लेट भागतायत. "अगं, नऊने जातोय!" मी म्हटलं, तो टँकरही जातोय, आधी पाइप धरा.

लग्नानंतर पहिल्या सणाला मला माहेरी पोचवायला आले तेव्हा एसटीत ह्यांनी मला दोनशे वीस आणि दोनशे चौऱ्याऐंशीची गोष्ट सांगितली. दोनशे वीसचे सगळे विभाजक, म्हणजे ज्यांनी ज्यांनी त्याला भाग जातो ते, तो स्वतः सोडून मिळवले की दोनशे चौऱ्याऐंशी होतात. आणि दोनशे चौऱ्याऐंशीचे मिळवले की परत दोनशे वीस. "एकाच्या पोटात दुसरा," हे म्हणाले, आणि लाजले. नवरे लोक गजरा देतात. मला हे मिळालं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

आमची एकच मुलगी, नम्रता. ती लहान असताना ह्यांनी अंगणात चुन्याने गोल काढला आणि त्यात सहा घरं केली. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. कुठलीही संख्या सातने भागा, म्हणायचे, भाग गेला तर उत्तम, नाही गेला तर दशांश चिन्हापुढे हेच सहा आकडे याच क्रमाने गरगर फिरत राहतात. फरक एवढाच की सुरुवात कुठल्या घरातून होणार ते बाकीवर ठरतं. हे ओट्यावर बसून ओरडायचे, "बाकी एक!" की ती एकच्या घरात उडी मारायची, एक चार दोन आठ पाच सात. "बाकी पाच!" की सातच्या घरातून, सात एक चार दोन आठ पाच. लंगडी घालत, वेण्या उडवत. इतर पोरी आट्यापाट्या खेळायच्या आणि आमची ही दशांश चिन्हापुढचं खेळायची. पण तिला बाकीचं घर कधी चुकलं नाही. सात हा तिचा लाडका आकडा झाला.

बारावी झाली, लॅबचा कोर्स करायला ती कल्याणला जाणार, म्हणून तिला पहिला मोबाइल घेतला. नंबर घरी आला त्या दिवसापासून हे त्याच्या मागे लागले. दोनने नाही, तीनने नाही, सातने नाही, अकराने नाही. तेरा, सतरा, एकोणीस, नाही. ह्यांचे डोळे चमकायला लागले. मला म्हणाले, दहा आकडी संख्येला कशानेच भाग जात नाही असं छातीठोक म्हणायचं तर लाखाच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या साडेनऊ हजारांच्या वर आहेत. मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काय, बघायचं. दिवाळीला बसले ते होळीला उठले. शाळेतल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने झालं असतं. पण आपल्या मुलीचं दुसऱ्याकडून कशाला करून घ्यायचं, असं ह्यांचं म्हणणं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू संपल्या, माझ्या रद्दीवाल्याचं नुकसान झालं, आणि होळीच्या आदल्या दुपारी हे ओट्यावर येऊन लहान पोरासारखे ओरडले, "नाही जात! कशानेच नाही जात!"

पेढे वाटले. खरोखर वाटले. शाळेत, ग्रामपंचायतीत, एसटी स्टँडवर. लोकांना वाटलं नम्रताचं लग्न जमलं. तर हे सांगायचे, "आमच्या नमूचा नंबर मूळ संख्या निघाला. तिला भागणारे दोनच. एक, आणि ती स्वतः. तिसऱ्या कोणाला तिथे जागा नाही!" आणि छाती फुगवून पुढच्या माणसाच्या हातावर पेढा. हे वाक्य ह्यांनी किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. नम्रताही कौतुकाने सांगायची, माझ्या बाबांनी माझा नंबर तपासलाय.

आता पुढचं ऐका, म्हणजे आमच्याकडे अक्कल कशी चालते ते कळेल.

ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात ह्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. हे काय बोलणार? ह्यांनी नवरानवरीचे नंबर मागून घेतले आणि माइकवरून सांगितलं, "दोघांच्याही नंबराला एकोणीसने भाग जातो. एकोणीस तुमचा सामाईक. सुखाने नांदा." मांडवात टाळ्या पडल्या. ती दोघं खरंच सुखाने नांदली, वर्षाच्या आत जुळं झालं. झालं! पुढच्या हंगामात लोक सुपारी फोडायच्या आधीच दोन नंबर घेऊन आमच्या ओट्यावर.

हसू नका, त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडे पत्रिका बघायची तर जन्मवेळ लागते. आणि जुन्या बायांना विचारलं तर सांगणार, "गुरं सुटायच्या टायमाला झाला," नाहीतर "भाताची आवणी चालू व्हती." त्यावर कुठला भटजी काय मांडणार? नंबर मात्र सगळ्यांना पाठ. आणि तो नशिबानेच आलेला, कोणी मागून घेतलेला नाही. वेखंडे सर तर पैसे घेत नाहीत, फक्त चहा पाजतात. मग काय वाईट?

ह्यांनी सुरुवातीला समजावलं, "अरे बाबांनो, याचा लग्नाशी संबंध नाही, ही गंमत आहे." पण लोक हसायचे, आणि ह्यांनाही कुठे नको होतं? दोन नवे नंबर घरबसल्या चालून यायचे. पुष्कळदा दोघांत सामाईक काही नसायचंच. तेव्हा हे दोन्हींची बेरीज करायचे, वजाबाकी करायचे आणि त्यातून काहीतरी काढायचे. "निघतंच काही ना काही," म्हणायचे, "संख्या म्हणजे काय दगड आहे?" ह्यांनी कोणाचं लग्न मोडलं नाही. आलेल्या प्रत्येकाला हे काहीतरी देऊनच पाठवायचे. मला वाटायचं, असू दे, माणसं हसत जातायत.

नम्रताला शहापूरच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचे. हात इतका हलका की म्हातारी माणसं तिचंच नाव घेऊन यायची. दिसायला नीटस, बोलायला गोड. स्थळं यायची. चहापोहे व्हायचे, मुलाकडचे हसत जायचे, आणि आठवड्याने निरोप यायचा. एकांना घाई नव्हती. एकांच्या मुलाला पुढे शिकायचं होतं, तो अजून शिकतोय बहुतेक. खर्डीच्या एकांनी तर निरोपही पाठवला नाही, पाहुण्यांच्या लग्नात मला बघून पाठ फिरवली. बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली. नम्रताने हळदीकुंकवाला जायचं सोडलं, मी हाक मारली की म्हणायची, "आई, तू जा, मला कपडे धुवायचेत."

मग अमित आला. अमित विशे, मुरबाडचा. आसनगावकडच्या एका कंपनीत कामाला. कंपनीच्या लोकांची तपासणी नम्रताच्या लॅबकडे होती. तिने सुई लावली आणि हा सहा फुटी गडी खुर्चीतून घसरला. तिने त्याला पाणी पाजलं, लिमलेटची गोळी दिली. पुढच्या महिन्यात तो काही कारण नसताना परत रक्त द्यायला आला. हे तिने मला सांगितलं तेव्हा भाकरी थापता थापता ती एकटीच हसत होती. कितीतरी वर्षांनी तिला तसं हसताना बघितलं. मी देवाला म्हटलं, एवढं कर, बाकी मी काही मागणार नाही.

त्या अमितनेच तिला ते सांगितलं. संध्याकाळी घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि ओट्यावर ह्यांच्या समोर बसली.

"बाबा, अमितच्या घरी सगळ्यांना मी पसंत आहे. फक्त त्याची आत्या अडलीय. माझ्या नंबरावर."

"नंबरावर म्हणजे?"

"कशानेच भाग जात नाही म्हणून. आत्या म्हणते, जिच्या आकड्यात कोणाला शिरायला जागा नाही, तिच्या संसारात नवरा कुठे बसणार आणि पोर कुठे बसणार." तिने मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. "बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना सगळ्यांना. तिसऱ्याला जागा नाही. खर्डीच्या लोकांनी पण याच्यासाठीच नाही म्हटलं होतं. अमितला सगळं माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, आपल्याशिवाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मला दया यायला हवी होती. आली नाही, संताप आला. मी नाही नाही ते बोलले. लोकांच्या पोरींना एकोणीस वाटलेत, तेवीस वाटलेत, आणि आपल्या पोरीला भोपळा! पेढे वाटून पोरीला घरात बसवणारा बाप तालुक्यात दुसरा नसेल! तो नंबर आधी बदला, म्हटलं.

"बदलून काही होणार नाही," नम्रता म्हणाली. "आत्या म्हणते, पहिला नंबर तोच खरा. जन्मासारखा."

"मग मुरबाडला चला आणि सांगा, मोजताना चूक झाली होती. जातो भाग म्हणावं," मी म्हटलं.

हे हळूच म्हणाले, "चंद्रकला, तो जात नाही गं. मी नाही म्हटलं काय आणि हो म्हटलं काय, तो जात नाही."

"बाबा," नम्रता मध्ये पडली, "खोटं नका बोलू. सगळ्यांचं करता तसंच करा ना. त्याचा आणि माझा मिळवून काढा काहीतरी."

ह्यांनी डोळे मिटले. अमितचा नंबर तिने सांगितला, तिचा तर ह्यांना तोंडपाठ. ओठ हलले. आणि इतक्या वेळाने ह्यांच्या तोंडावर पुन्हा रंग आला. "नऊने जातो! नमू, दोघांच्या बेरजेला नऊने भाग जातो!" नम्रता रडता रडता हसली. मीही हसले. मूर्ख होतो आम्ही तिघंही.

रविवारी मुरबाडला गेलो. मुलीला न्यायची आपल्यात पद्धत नाही, पण आत्यानेच निरोप दिला होता, मुलीलाही आणा, समोरासमोर होऊन जाऊ दे. नम्रताने जांभळी साडी नेसली. किन्हवली गेली, सरळगाव गेलं, हे सबंध एसटीत पुटपुटत होते. मी म्हटलं, आता पुरे, नऊच आहे ना? म्हणाले, नऊच आहे, परत परत करून बघतोय, बरं वाटतंय.

अमितचं घर मोठं, पुढे पत्र्याची पडवी. वडील नाहीत. आई साधी, सारखी पदर सावरणारी. घरातला शब्द मथुराआत्याचा. आत्या पाटावर नाही, खुर्चीवर बसली होती. बाजूला तिचा मुलगा नितेश आणि सून. नितेशच्या लग्नाच्या वेळी ही सगळी मंडळी आमच्याच ओट्यावर येऊन गेली होती. ह्यांनी त्यांना अकरा काढून दिला होता, दोघांचा सामाईक. नितेशने उठून ह्यांच्या पाया पडून घेतलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आपलीच माणसं आहेत.

पोहे झाले. अमित भिंतीला टेकून उभा, नम्रताकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. ह्यांनी घसा साफ केला आणि बेरीज सांगितली. नऊ. समजावूनही सांगितलं, आकड्यांची बेरीज करा, तिची परत करा, शेवटी नऊ उरतात. नितेश म्हणाला, "वा सर!" अमितची आई हात जोडून वर बघायला लागली.

आत्या काही हलली नाही. "सर, तुमी मोठी मानसं," ती म्हणाली. "पन बेरजेत आमच्या पोराचा पन आकडा आला ना? तांदळात खडं मिसळून मापलं तं माप भरतंच. मला तुमच्या पोरीचा एकटीचा सांगा. तिला कशाने जातो?"

"आत्याबाई," हे म्हणाले, "या आकड्यांचा आणि संसाराचा तसा काही संबंध नसतो."

"नसतो?" आत्याने नितेशकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "मंग आमाला अकरा कशाला दिलात? सगल्या तालुक्याला दिलात. तवा व्हता, आन् आता नाय?"

अमित पुढे झाला, उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, काहीतरी सांगा ना. एकच. आत्याचं समाधान होईल, मग मी बघतो पुढचं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्याचाही आवाज उतरला. मला आज वाटतं, तिलाही मोडायचं नव्हतं. ती म्हणाली, "आमी काय मोजायला बसणार हाय का, सर? तुमी सांगाल ते खरं. तुमी आजवर कोणाला खोटं सांगितलं नाय."

मी ह्यांच्या गुडघ्याला बोट टोचलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नम्रताकडे बघितलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, लहानपणी रिझल्टच्या दिवशी फ्रॉकचं गुंडाळायची तसं.

"सात," हे म्हणाले. "सातने जातो. माझी तेव्हा चूक झाली होती."

अमितची आई रडायलाच लागली. "गूळ आना गो!" आत्या ओरडली. सून आत पळाली. मी देवाचं नाव घेतलं. आणि नितेश, तो नितेश, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, आनंदाच्या भरात त्याने खिशातून फोन काढला. "थांबा, आत्ताच्या आत्ता दाखवतो सगळ्यांना," म्हणाला. "अमित, वहिनींचा नंबर सांग." अमितने खुशीत सांगितला. नितेशने भागिले सात केलं, आणि हसत हसत वाचायला लागला. मोठा आकडा वाचला. मग त्याचं हसू थांबलं.

"पॉइंट," तो म्हणाला. "पॉइंट सात एक चार..."

"दोन आठ पाच," नम्रता म्हणाली.

मान खालीच होती. तिने ठरवून म्हटलं की तोंडातून आपसूक गेलं, हे मला आजवर कळलेलं नाही. तिलाही कळलं नसावं. चुन्याच्या गोलात उडी मारताना यायचा तसाच आवाज आला. मग तिने वर बघितलं, ह्यांच्याकडे, आणि म्हणाली, "बाकी पाच, बाबा."

सून गुळाची वाटी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

आत्या खुर्चीत मागे टेकली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नितेशच आधी बोलला. फोनकडे बघत, अगदी साध्या आवाजात. "सर, मंग आमचा अकरा तरी खरा व्हता ना?"

"खरा होता," हे म्हणाले. "देवाशपथ, खरा होता. करून बघ."

नितेशने करून बघितलं नाही. फोन खिशात ठेवला. त्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली, त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"चला," आत्या उठत म्हणाली. "तुमची गाडी हाय ना आता?" भाग जात नाही म्हणून एक वेळ तिने समजून घेतलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. पण स्वतःच्या पोरीसाठी सर खोटं बोलले, म्हटल्यावर सगळ्याच घरांतले एकोणीस आणि अकरा डळमळले. तिच्या घरातलाही. ते ती कसं माफ करणार?

अमित फाटकापर्यंत आला. "मी आत्याला समजावतो," म्हणाला. नम्रता म्हणाली, "हो." दोघांनाही माहीत होतं. पुढच्या वर्षी कंपनीची तपासणी आली तेव्हा त्याचं रक्त दुसऱ्या मुलीने काढलं. त्याच्या बोटात अंगठी होती, असं कोणीतरी सांगितलं. चक्कर आली का, ते मी विचारलं नाही.

आमच्या ओट्यावरची वर्दळ एका महिन्यात थांबली. दोन-तीन घरचे भांडायला आले, तेवढेच. पण खूळ थांबलं म्हणाल तर नाही. आता मोबाइलच्या दुकानात मुली सिमकार्ड घेतात तेव्हा दुकानदारच भागून दाखवतो, हा घ्या, याला तीनने पण जातो आणि सातने पण. ज्यांना काहीच लागत नाही ते नंबर पडून राहतात. हे एकदा तिथे जाऊन समजवायला लागले, की असं काही नसतं, मुळात मीच गमतीने सुरू केलं होतं. दुकानदार हसला. "सर, तुमी बसा घरी. आता फोनमध्येच समदं निघतं." हे उन्हातून चालत घरी आले. पाण्याचा तांब्या दिला, तर तांब्याकडे बघत बसले.

ह्यांनी नंबर विचारणं सोडलं. टँकर आला की मान दुसरीकडे. घरात पाहुणा आला तर हवापाण्याचं बोलतात, आणि तेही ह्यांना जमत नाही. माझ्यावर कधी रागावले नाहीत. रागावले असते तर मी चार शब्द बोलले असते, मोकळी झाले असते. नम्रताही ह्यांना काही बोलली नाही. वेळेवर गोळ्या देते, बाजारातून आवडीची केळी आणते. बाबा जेवलात का, विचारते. सगळं करते. फक्त तेवढंच बोलते.

परवा सकाळी ती डबा भरत होती. टेबलावर नवीन सिमकार्डचं पाकीट पडलेलं, वर नंबर छापलेला. मी विचारलं, तर म्हणाली, "बदलला. जुना बंद करायला टाकलाय. पहिला नंबरच खरा, हे आत्याचं म्हणणं सगळेच थोडे मानतात." आणि चपात्या डब्यात ठेवायला लागली. आता बदलून काय उपयोग, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

हे चहा पीत बसले होते. ह्यांची नजर त्या पाकिटावर गेली. मी बघत होते. ह्यांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी ह्यांचे ओठ हलले, तीन-तीन आकड्यांचे गठ्ठे, एक मिळवायचा, एक वजा करायचा. मग डोळे उघडले. त्यांत जुनी चमक नव्हती, पण काहीतरी होतं. तिला काहीतरी द्यायचं होतं ह्यांना.

"नमू," हे भीत भीत म्हणाले, "याला सातने भाग जातो बरं का. निःशेष."

या घरात ह्यांचं उत्तर आजवर कोणी तपासून बघितलेलं नव्हतं. ना मी, ना तिने. नम्रताने डब्याचं झाकण लावलं. हात पुसले. मग पर्समधून फोन काढला, पाकिटावरचा एकेक आकडा बघून दाबला, भागिले सात केलं, आणि थांबून नीट वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि डबा घेऊन कामाला गेली.